सांगली जिल्ह्यातली माती-पाणी तपासणी: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

माती तपासणीची सेवा आता जिल्ह्यात चार ठिकाणी मिळते: शासनाची मृदा आरोग्य पत्रिका, सांगलीची शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळा आणि कृषी विज्ञान केंद्र, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा आणि खासगी लॅब. यात अलीकडं रानात खुपसायच्या सेन्सरच्या कांडीची भर पडली आहे, तिच्याबद्दल पुढं. निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा घेण्याजोगी आहे आणि तिचा खर्च एका हंगामात वसूल होतो. मात्र बहुतेक जण तिच्यातली चुकीची वस्तू विकत घेतात. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन आकडे पाहायचे आणि कागद कपाटात ठेवायचा, अशी रीत पडली आहे. या जिल्ह्यात मात्र पिकाचं निम्मं भवितव्य क्षार, सोडियम, चुनखडी आणि पाणी हे चौघं ठरवतात. त्यातली सोडियम, चुनखडी आणि पाणी यांची तपासणी साध्या पॅकेजात येतच नाही, मागावी लागते.

मागायचं काय, हे तालुक्यावर आहे. खाली सगळीकडं एकच काळा पत्थर, बेसाल्ट. फरक पडला तो पावसानं आणि पाण्याच्या वाटेनं. शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडं, पाऊस इतका की चुना आणि सोडियम केव्हाच धुऊन गेलेत. तिथं तांबूस, आम्लधर्मी रानं आणि भात. कृष्णा-वारणेच्या काठानं वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात खोल काळी माती. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला ब्रिटिशकाळातला कृष्णा कालवा, नंतर नदीवरच्या पाणीपुरवठा संस्था, आणि वर्षानुवर्षं ऊस. निचरा मंद, पाणी मुबलक, म्हणून क्षारपड इथंच. तासगाव, खानापूर, कवठेमहांकाळकडं मध्यम ते हलकी माती, द्राक्षबागा. आटपाडी आणि जतला मुरमाड, चुनखडीची रानं, डाळिंब आणि खोल बोअर. आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी पूर्वेकडं चढलं आहे, त्यामुळं कालपर्यंत कोरडवाहू असलेल्या रानात आज ठिबकच्या नळ्या दिसतात. अशा रानाची पाच वर्षांपूर्वीची पत्रिका आज उपयोगाची नाही.

म्हणून मागणी अशी करावी. काठच्या काळ्या रानाला: सामू (पीएच), क्षारता, सोडियमचं प्रमाण (ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी) आणि विहिरीच्या पाण्याची पूर्ण तपासणी. पूर्वेच्या तालुक्यांत: मुक्त चुनखडी, लोह, जस्त, बोरॉन आणि बोअरचं पाणी. शिराळ्याच्या डोंगराकडं: सामू आणि चुन्याची गरज. तिथं सामू ६ च्या खाली असेल तर स्फुरद नेहमीच्या ओल्सेन पद्धतीनं न काढता ब्रे पद्धतीनं काढायला सांगावं, कारण ओल्सेन पद्धत चुनखडीच्या आणि उदासीन मातीसाठी आहे. हे काउंटरवर बोललं की समोरच्याचा चेहरा पाहावा. ब्रे पद्धत ठाऊक असलेली लॅब चांगली असण्याची शक्यता बरीच.

नमुना ही या सेवेतली सगळ्यात कच्ची कडी आहे, आणि ती आपल्याच हातात असते. लॅबमध्ये प्रत्यक्ष तपासली जाते ती चमचाभर माती. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण नऊ लाख किलो माती असते. त्यातली ती चमचाभर कुठली आणायची, एवढाच प्रश्न.

ऊस, हळद, सोयाबीन, गहू यांच्यासाठी २० ते २२ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. एकसारख्या एका एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरावीत. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या एका कडेचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा काप वरपासून खालपर्यंत सारखा खरवडायचा. चूक इथंच होते. वरून मूठभर ओरबाडली की सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद दोन्ही फुगलेले दिसतात, कारण खत आणि कुजलेलं पाचट वरच्या बोटभर थरातच असतं. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं पुन्हा मिसळून तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. वाळवायची सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेल्या मातीतला पालाश आणि काही सूक्ष्म अन्नद्रव्यं बदलतात.

सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी घमेलं आणि गंजकं खुरपं चालत नाही. प्लॅस्टिकची पाटी आणि लाकडी किंवा स्टीलचं अवजार घ्यावं. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरून आणणारे अजूनही भेटतात. त्या पोत्यातला चिमूटभर युरिया नत्राचा आकडा पार बिघडवून टाकतो.

कुठली जागा टाळायची? बांध, उकिरडा, जनावरं बांधायची जागा, झाडाखाली, विहिरीजवळ, पाटाच्या कडेला, मागच्या वर्षी पाचट पेटवलं तिथं. खत टाकून दोन-अडीच महिने झाल्याशिवाय नमुना घेऊ नये. पांढरं फुटलेला तुकडा असेल तर त्याचा नमुना वेगळा, चांगल्या रानात मिसळायचा नाही. मिसळला तर सरासरी निघते आणि दोन्हीकडचा सल्ला चुकतो. नदीकाठी २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाळ बसलेली पट्टी असेल तर तीही वेगळी धरावी.

द्राक्ष-डाळिंबाला हे माप चालत नाही. तिथं ० ते ३०, ३० ते ६० आणि जमीन तेवढी खोल असेल तर ६० ते ९० सेंटिमीटर, असे थरवार वेगळे नमुने लागतात. जतकडच्या माळावर दुसऱ्याच थराला मुरूम लागतो, तेव्हा मुरूम कितीवर लागला ते अर्जात लिहावं. तो आकडासुद्धा सल्ल्याइतकाच कामाचा आहे. ठिबकच्या बागेत नमुना ओल्या भागातून, ड्रीपरपासून वीत-दीड वीत अंतरावरून घ्यावा. ठिबकमध्ये क्षार ओलीच्या कडेला ढकलले जाऊन साठतात. क्षाराचीच शंका असेल तर त्या कडेचा एक वेगळा नमुना द्यावा; पहिल्या वळवात तेच क्षार मुळांत उतरतात आणि पानांच्या कडा करपतात.

महिना कोणता? खतासाठी म्हणाल तर पीक निघाल्यावर, नांगरटीआधी. क्षारासाठी म्हणाल तर एप्रिल-मे. उन्हाळ्यात खालचं पाणी केशाकर्षणानं वर येतं, वाफ होऊन जातं आणि मीठ वर राहतं. तेच रान ऑगस्टमध्ये तपासलं तर पावसानं धुतलेलं असतं आणि अहवालात सगळं आलबेल दिसतं. क्षारपड तुकडा पावसाळ्यात तपासून निर्धास्त होणं ही काठच्या गावांतली नेहमीची फसगत आहे.

आता कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा आकडा: क्षारता, म्हणजे ईसी. आपल्याकडच्या बहुतेक लॅब एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ती मोजतात आणि १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर ‘सर्वसाधारण’ असा शेरा मारतात. पुस्तकांत आणि पिकांच्या तक्त्यांत जो ४ चा उंबरठा असतो, तो मात्र संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा. दोन्ही आकडे एक नव्हेत. काळी माती संपृक्त व्हायला तिच्या वजनाच्या ६० ते ८० टक्के पाणी लागतं. लॅबमध्ये २५० टक्के घातलं जातं. म्हणजे क्षार तिपटीहून अधिक पातळ होऊन मोजले जातात. अहवालात ०.९ आलं तर मुळांना जाणवणारी क्षारता २.७ च्या आसपास असू शकते. जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार उसाचं उत्पादन संपृक्त अर्काच्या १.७ नंतर घटायला लागतं, दर एकक वाढीला सुमारे ५.९ टक्के. द्राक्षाचा उंबरठा १.५ आणि घट ९.६ टक्के. म्हणजे ‘सर्वसाधारण’ शेरा असलेल्या त्या ०.९ च्या रानात उसाचं पाच-सहा टक्के आणि द्राक्षाचं अकरा टक्क्यांच्या आसपास नुकसान गृहीत धरायला हवं. खत वाढवून ते भरून निघत नाही. रासायनिक खत हेही मीठच असतं.

लॅबनं अहवालावर कोणत्या प्रमाणात पाणी घातलं ते छापलं पाहिजे. छापलं नसेल तर विचारावं. सांगता आलं नाही तर पुढच्या वेळी दुसरी लॅब.

क्षारता जास्त, सामू ८.५ च्या आत आणि सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर रान क्षारयुक्त आहे. त्याला जिप्सम (सोडियम हटवायला टाकायचं कॅल्शिअमचं खनिज) लागत नाही. निचरा आणि गोडं पाणी लागतं. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर रान चोपण. तिथं जिप्समचं काम आहे. दोन्ही एकत्र असतील तर क्षारयुक्त-चोपण, आणि त्यात आधी जिप्सम, मग धुणं. उलट केलं तर क्षार वाहून जातात, सोडियम मागं राहतं आणि माती दगडासारखी बसते. हे तीन प्रकार वेगळे काढायचे तर सोडियमची चाचणी हवीच, आणि ती साध्या पॅकेजात नसते. नुसता सामू ८.३ पाहून जिप्समची शिफारस करणारा अहवाल आला तर त्यावर विश्वास ठेवू नये. चुनखडीच्या रानाचा सामू निव्वळ चुन्यामुळंच ८.२ ते ८.४ असतो, त्यात सोडियमचा काही संबंध नसतो.

पैसे घालण्याआधी घरची एक चाचणी करून पाहावी. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडायचं आणि दोन-तीन तास हलवायचं नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमची दाट शंका. नुसतं विरघळून खाली बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर चोपण नाही. बोअरचं पाणी वापरू नये. त्यातल्या क्षारांमुळं ढग उठतच नाही.

जिप्समचा हिशोब लॅबनं ‘जिप्समची गरज’ म्हणून काढून द्यावा. दर १०० ग्रॅम मातीतलं १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला १५ सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी साधारण १.९ टन शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो, त्या मानानं वाढवावं लागतं. सगळं एका वर्षी न टाकता गरजेच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. आणि सुटलेलं सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर जिप्सम टाकणं व्यर्थ. ती वाट म्हणजे उघडा चर किंवा साधारण एक-सव्वा मीटर खोलीवरची सच्छिद्र नळ्यांची भूमिगत निचरा प्रणाली, आणि तिचं तोंड नाल्यापर्यंत न्यायला खालच्या शेजाऱ्याची संमती. हा भाग कुठल्याच अहवालात येत नाही. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. निचऱ्याच्या आराखड्याबद्दल विचारायचं तर लॅबच्या काउंटरवर न विचारता तिथं विचारावं.

पाणी तपासणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ऊसपट्ट्यात माती दर वर्षी तपासणारे भेटतात. विहीर एकदाही न तपासलेले त्याहून जास्त. साधा हिशोब पाहा. पाण्याची क्षारता १.५ असेल तर लिटरमागं सुमारे ९६० मिलिग्रॅम क्षार. एका एकराला ८ सेंटिमीटर पाणी दिलं तर ते ३२४ घनमीटर होतं, म्हणजे एका पाळीत एकरी ३११ किलो मीठ. आपण लागणीच्या वेळचा खताचा बेसल डोस पोत्यांनी मोजतो आणि हे मोजतच नाही.

नमुना घ्यायला मोटर वीस-तीस मिनिटं चालवून मग पाणी घ्यावं, नाही तर पाइपमध्ये तुंबलेल्या पाण्याची तपासणी होते. लिटरभराची प्लॅस्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरायची, हवा ठेवायची नाही, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचवायची. बाटली औषधाची किंवा शीतपेयाची नको. उशीर झाला तर बायकार्बोनेट बदलतं, आणि तोच आकडा आपल्याला हवा असतो.

अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात. क्षारता ०.७५ पर्यंत निर्धास्त, २.२५ पर्यंत निचरा चांगला असेल तर चालतं; त्यावर काळ्या रानात नकोच. सोडियम शोषण गुणोत्तर १० च्या आत असावं. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शिअम-मॅग्नेशिअमला पुरून उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर घातक. पूर्वेकडच्या काही बोअरच्या बाबतीत हा शेवटचा आकडाच फसवतो: पाणी चवीला फारसं खारट लागत नाही, क्षारताही बेताची, आणि तरी दोन-तीन वर्षांत रान चोपण व्हायला लागतं, कारण बायकार्बोनेट मातीतला कॅल्शिअम बसवून टाकतं आणि सोडियमला रान मोकळं मिळतं. उपाय जिप्समचाच, पण पाण्याच्या हिशोबानं. हा आकडा १ नं खाली आणायला हजार घनमीटर पाण्यामागं ८६ किलो शुद्ध जिप्सम, म्हणजे वरच्या ८ सेंटिमीटरच्या पाळीला एकरी सुमारे २८ किलो. हेच बायकार्बोनेट ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं बसतं, तेव्हा ठिबक वारंवार तुंबत असेल तर नळीला दोष देण्याआधी पाणी तपासावं. तपासणी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. कालव्याचं पाणी विहिरीत पाझरत असेल तर आवर्तन चालू असतानाचा आणि नसतानाचा आकडा वेगळा निघतो.

चुनखडीबद्दल थोडक्यात. मुक्त चुनखडी १० टक्क्यांच्या वर गेली की लोह, जस्त आणि स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. उसावर केवडा दिसतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडतात, द्राक्षाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोहाची पातळी ४.५, जस्ताची ०.६, बोरॉनची ०.५, मँगनीजची २ आणि तांब्याची ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, त्याखाली कमतरता. पण लोह ६ असून चुनखडी १५ टक्के असेल तर केवडा येणारच, आणि चुनखडी न तपासलेला अहवाल ‘लोह पुरेसं’ म्हणून मोकळा होतो. अशा रानात फेरस सल्फेट नुसतं फेकलं तर ते लगेच अडकतं. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट दहापट शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्यावं. ठिबकमधून चिलेट (सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह) द्यायचं तर ईडीटीए प्रकारचं लोह इतक्या सामूला टिकत नाही; ईडीडीएचए लागतं, महाग पडतं, पण मुळांपर्यंत तेच पोहोचतं. डब्यावर दोन्हींना ‘चिलेटेड आयर्न’च म्हणतात, म्हणून बारीक अक्षर वाचावं.

नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांत पहिली भानगड एककाची. काही लॅब किलो प्रति हेक्टर देतात, काही पीपीएम. पीपीएमला २.२४ नं गुणलं की हेक्टरी किलो. दुसरी भानगड: स्फुरद मूलद्रव्य म्हणून दिलाय की पी-टू-ओ-फाइव्ह म्हणून? दोन्हींत २.२९ पटीचा फरक आहे. पालाशात १.२ पटीचा. एका लॅबचा ‘१६’ आणि दुसरीचा ‘३६’ हे एकाच रानाचे एकच आकडे असू शकतात. वर्षानुवर्षं तुलना करायची असेल तर लॅब बदलू नये, हा सल्ला यासाठीच.

अहवालाचा पैशातला उपयोग पाहू. आडसाली उसाची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो नत्र:स्फुरद:पालाश, म्हणजे एकरी १६०:६८:६८. स्फुरद डीएपीतून दिला तर १४८ किलो डीएपी, त्यातून साडेसव्वीस किलो नत्र मिळतं, उरलेल्यासाठी २९० किलो युरिया. अहवालात स्फुरद ‘जास्त’ आला तर शिफारशीतून २५ टक्के कमी करायचे: डीएपी १११ किलोवर येतं. ३७ किलो वाचलं. १,३५० रुपयांच्या ५० किलोच्या पोत्यानं ते सुमारे १,००० रुपये होतात. डीएपीतून कमी झालेलं नत्र भरायला साडेचौदा किलो युरिया जास्त, ४५ किलोच्या पोत्याला २६६ रुपये ५० पैसे या दरानं ८६ रुपये. निव्वळ एकरी नऊशे रुपयांच्या वर, फक्त एका अन्नद्रव्यात. काळ्या मातीत पालाशही बऱ्याचदा ‘जास्त’च येतो. उलट बाजूही आहे: ‘कमी’ आला तर २५ टक्के वाढवायचं असतं, आणि ते मात्र बहुतेकांना पटकन पटतं.

सेंद्रिय कर्बाचा आकडा दर वर्षी पाहू नये. ०.४ चा ०.६ व्हायला खोडव्याचं पाचट न पेटवता काही वर्षं जावी लागतात. एका हंगामात कर्ब दुप्पट झाल्याचा अहवाल कुणी कुठलं द्रावण विकताना दाखवला तर नमुना कुठून आणि किती खोलीचा घेतला ते विचारावं.

आता कोणाकडं जावं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून चालू आहे, शेतकऱ्याला खर्च नाही आणि त्यात बारा घटक येतात: सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. फुकटात एवढं मिळणं मोठीच सोय आहे. पण योजनेच्या रचनेत बागायतीला अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीला दहा हेक्टरला एक नमुना धरला गेला. सव्वासहा एकरांच्या चौकोनात काठच्या गावात दहा खातेदार असतात. म्हणजे पत्रिका आपल्या नावाची, माती शेजाऱ्याची, असं होऊ शकतं. गावाचा अंदाज म्हणून तिला माझे पाचपैकी चार गुण, स्वतःच्या रानाचा डोस ठरवायला दोन. पत्रिकेवरचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशात टाकून नमुना नेमका कुठून घेतला ते पाहावं.

शासकीय प्रयोगशाळा आणि कृषी विज्ञान केंद्र यांचे दर कमी, आणि विकायला काही नसल्यामुळं सल्ला निर्मळ. तोटा वेळेचा. मे-जूनमध्ये नमुन्यांचा ढीग असतो. जूनच्या लागणीसाठी अहवाल हवा असेल तर नमुना एप्रिलच्या सुरुवातीला द्यावा. पाचपैकी चार. कारखान्यांच्या लॅब उसापुरत्या चांगल्या, शेतकी विभागाचा माणूस रान ओळखतो, अहवालातला डोस मात्र उसाचाच छापलेला असतो. हळद किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तर आकडे घ्यावेत आणि सल्ला सोडून द्यावा.

खासगी लॅब दोन जातींच्या. एक, ज्या फक्त तपासणीचे पैसे घेतात. द्राक्षबागायतदारांमुळं या पट्ट्यात त्या बऱ्या तयार झाल्या आहेत, देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं मोजणं), पाणी, सोडियम सगळं करतात, आठवड्याच्या आत अहवाल देतात. दर जास्त, पण बागेला ते परवडतं. द्राक्षाचं देठ परीक्षण करायचं तर खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर) ४५ दिवसांच्या सुमाराला काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ लागतो, पान तिथल्या तिथं खुडून टाकायचं. पानासकट दिलेला देठ निकाल चुकवतो. दुसरी जात म्हणजे ‘मोफत माती तपासणी’. अहवालाच्या तळाशी विशिष्ट ब्रँडच्या बाटल्यांची यादी असेल तर ती तपासणी मोफत नाही, तिचे पैसे बाटलीत आहेत. आकडे खरे असू शकतात. शिफारस बाजूला ठेवून फक्त आकडे दुसऱ्या जाणकाराला दाखवावेत.

सेन्सरची कांडी घेऊ नये. ‘दोन मिनिटांत एनपीके’ दाखवणारी स्वस्त उपकरणं प्रत्यक्षात मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून तीन आकडे बेतून दाखवतात. क्षारपड तुकड्यात खुपसली की ती रान सुपीक असल्याचं सांगते, पाणी देऊन पुन्हा खुपसली की आणखी सुपीक. तिच्यातला ओलाव्याचा भाग थोडाफार कामाचा, पण वाफसा मुठीतल्या मातीवरूनही कळतो. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेनं विकसित केलेलं ‘मृदापरीक्षक’ हे वेगळं प्रकरण: त्यात रसायनं वापरून खरी चाचणी होते. ते गटानं किंवा सोसायटीनं घेतलं आणि चालवणारा माणूस नीट शिकलेला असला तर उपयोगी पडतं. एकट्या शेतकऱ्याला रसायनांची मुदत सांभाळणं जमत नाही.

लॅब नवी असेल तर पहिल्या वेळी एकच नमुना नीट मिसळून दोन पिशव्यांत भरावा आणि दोन वेगळ्या नावांनी, दोन गट नंबर टाकून द्यावा. एका नमुन्याचा जादा खर्च होतो, तेवढा सोसावा. सामूत ०.२ पर्यंत आणि बाकी आकड्यांत दहा-पंधरा टक्के फरक चालण्याजोगा. सूक्ष्म अन्नद्रव्यांत थोडा जास्तही चालेल. एका पिशवीचा पालाश ‘कमी’ आणि दुसरीचा ‘जास्त’ आला, तर ते कागद तिथंच ठेवून तिसरी पिशवी सांगलीच्या शासकीय प्रयोगशाळेत द्यावी. त्यासाठी मूळ नमुन्यातली पावशेर माती आधीच बाजूला काढून, पेन्सिलनं गट नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकून ठेवावी. पेनाची शाई ओल लागली की पसरते.